कोडी १८ उत्तम चालतंय. २१ वर जावं की नको?

पाटाचं_पाणी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे टीव्हीला रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक जोडलाय. त्यावर लिब्रेएलेक ९.२ आहे, म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरती प्रणाली, आणि तिच्यात कोडी (साठवलेलं टीव्हीवर लावायचं फुकट सॉफ्टवेअर) १८, ‘लिया’. यूएसबीला दोन टीबीची डिस्क. तीत सीडी-डीव्हीडीवरून उतरवून घेतलेली नाटकं, वडिलांनी गावच्या सप्ताहात कॅसेटवर टिपलेली कीर्तनं, घरातली लग्नं-मुंजी आणि थोडे सिनेमे.

मुख्य वापर आईचा. वय ७६. वेगळा रिमोट नाही, टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालतं. फेव्हरिट्समध्ये देवनागरीत नावं देऊन मी चार पाट्या केल्या आहेत: नाटक, कीर्तन, घरचं, आकाशवाणी. काल जिथे थांबवलं तिथून पुढे सुरू होतं. तिला चष्म्याशिवायही जमतं, कारण कुठली पाटी कुठे आहे हे हाताला पाठ आहे.

परवा भाचा आला आणि म्हणाला, “मामा, हे फारच जुनं झालं, २१ टाक.” १८.९ ही लियाची शेवटची आवृत्ती २०२० च्या ऑक्टोबरातली, हे खरं. पण आमच्याकडे अडत काहीच नाही. एकच गोष्ट: नवीन सिनेमा डिस्कवर टाकला की त्याचं पोस्टर आणि माहिती हल्ली बऱ्याचदा येत नाही.

विचारायचं असं की, २१ वर गेल्याने घरात नेमकं काय सुधारेल? काय हातचं जाईल? आणि आईला नाही जमलं तर परत येता येतं का? ‘नवीन ते चांगलं’ किंवा ‘जुनं ते सोनं’ एवढंच सांगू नका, कारण द्या.

---

सह्यवेडा

माझं मत स्पष्ट आहे, हात लावू नका.

२०१७ साली १७ वी आवृत्ती आली तेव्हा मूळ स्किनच, म्हणजे पडद्यावरची मांडणी, बदलली. कॉन्फ्लुअन्स जाऊन एस्चुअरी आली. आडवा मेनू उभा झाला. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, आडव्या पट्टीची सवय. त्यांनी पुढे बरेच दिवस टीव्ही लावलाच नाही, आणि विचारलं तर “कंटाळा आला” एवढंच म्हणायचे. कॉन्फ्लुअन्स वेगळी उतरवून घेता येते हे मला नंतर कळलं. ती घातली आणि ते पुन्हा बसायला लागले.

म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, वापर सोडून देतात. तुमच्या आई आज स्वतःच्या हाताने नाटक लावतात याची किंमत कुठल्याही नव्या सोयीपेक्षा जास्त आहे. पोस्टर नाही आलं तर नाही आलं.

---

तारायंत्र

सह्यवेडा, भावना पटते, पण “अडत नाही” हे दिसणाऱ्या गोष्टींपुरतं झालं.

दोन घटना सांगतो. २०१७ च्या मे महिन्यात चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की मुद्दाम बिघडवलेली उपशीर्षकांची फाइल उघडली तरी यंत्राचा ताबा घेता येतो. त्यात व्हीएलसी होतं, कोडीही होतं. कोडीने १७ च्या पुढच्या छोट्या आवृत्तीत ते भोक बुजवलं. आता विचार करा, उपशीर्षकं आपण कुठून घेतो? कुणीतरी अनोळखी माणसाने चढवलेली असतात, आणि आपण डोळे मिटून ‘डाउनलोड’ दाबतो.

दुसरी घटना त्याहून बोलकी. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली, तिचा एक धागा त्यांच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकापर्यंत पोचला. त्यावर प्लेक्स होतं, कोडीसारखंच घरचं साठवलेलं दाखवणारं सॉफ्टवेअर. ज्या दोषातून चोर आत शिरला तो प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केला होता. त्या माणसाने नवी आवृत्ती घेतलीच नव्हती. प्लेक्सच्या म्हणण्यानुसार ती दुरुस्ती येऊन तोवर साधारण ७५ आवृत्त्या झाल्या होत्या. त्याच्याही घरी प्लेक्स व्यवस्थित चालत असणार, म्हणूनच कुणी लक्ष दिलं नाही.

---

पाटाचं_पाणी

तारायंत्र, हे दुसरं माहीत नव्हतं. धन्यवाद. मात्र आमचा पाय घराबाहेरून कुणी उघडत नाही. वायफाय आहे ते फक्त आकाशवाणीसाठी आणि क्वचित यूट्यूबसाठी. तरीही धोका धरायचा का?

---

चिंचगुळ

इथे दोन वेगळे धोके आहेत, ते एकत्र कालवू नयेत.

एक म्हणजे बाहेरून कुणी आत येणं. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिला असेल तर हा धोका खरा आणि मोठा. प्लेक्स किंवा तसंच जेलीफिन वापरणारे लोक बाहेरगावाहून पाहता यावं म्हणून पोर्ट उघडतात, त्यांनी आवृत्ती ताजी ठेवलीच पाहिजे, तिथे वादच नको. तुम्ही उघडलेला नसेल तर हा मुद्दा बराचसा गळतो. तरी एकदा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः पाहा. काही राउटरांत यूपीएनपी चालू असतं आणि घरातली यंत्रं आपली आपण पोर्ट उघडून घेतात.

दुसरा धोका आपणच आत आणलेल्या वस्तूंचा: उपशीर्षकं, कुठून तरी घेतलेली अ‍ॅड-ऑन्स (कोडीला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), पाहुण्यांचा पेनड्राइव्ह. तुम्ही उपशीर्षकं उतरवत नसाल, नाटक-कीर्तनाला ती लागतही नाहीत, तर हाही कमी.

आवृत्ती बदला वा न बदला, दोन गोष्टी आजच करा. लिब्रेएलेकच्या सेटिंगमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत येऊन यंत्र चालवायची सोय) चालू आहे का बघा. असेल आणि पासवर्ड कधी बदलला नसेल तर तो ‘लिब्रेएलेक’ हाच आहे, सगळ्या जगाला ठाऊक असलेला. आणि मोबाइलवरून कोडी चालवण्यासाठी वेब कंट्रोल चालू केला असेल तर त्याला पासवर्ड द्या.

---

कोरा_कागद

आता ‘काय हातचं जाईल’ याबद्दल. मी १८ वरून १९, तिथून पुढे २० आणि २१ असा एकेक टप्पा केला आहे. खरी अडचण १८ आणि १९ च्या मध्येच आहे. पुढचे टप्पे किरकोळ.

१९ वी आवृत्ती, ‘मॅट्रिक्स’, २०२१ च्या फेब्रुवारीत आली. तिने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची २ री आवृत्ती सोडून ३ री घेतली. कोडीची बहुतेक अ‍ॅड-ऑन्स पायथनमध्ये लिहिलेली असतात. ज्यांच्या कर्त्यांनी ती नव्याने लिहिली ती तरली, बाकीची तिथेच संपली. म्हणून पहिलं काम: तुमच्या अ‍ॅड-ऑन्सची यादी काढा आणि प्रत्येकाची २१ साठीची आवृत्ती आहे का ते तपासा. मला शंका आहे ती आकाशवाणीची. तुम्ही कुठलं रेडिओ अ‍ॅड-ऑन वापरता?

दुसरं, लायब्ररी. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या ‘परत येता येतं का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. काय पाहिलं, कुठे थांबलो, हे सगळं कोडी एका फाइलीत लिहून ठेवतो. १८ मध्ये तिचं नाव मायव्हिडिओज११६. १९ मध्ये ११९, २० मध्ये १२१, २१ मध्ये १३१. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालू झाली की जुन्या फाइलीची नक्कल करून नव्या क्रमांकाची फाइल बनवते, जुनीला हात लावत नाही. म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत गेलात तर ११६ तशीच मिळेल, फक्त मधल्या काळात पाहिलेलं तिला माहीत नसेल.

पण चालत्या मेमरी कार्डावरच नवीन चढवून मग खाली उतरणं हा रस्ता लिब्रेएलेकवाले धरू नका म्हणतात. परतीची खात्री हवी असेल तर दुसरं कार्ड घ्या. पायचं सगळं कार्डावर असतं, पटलं नाही तर वीज बंद करून जुनं कार्ड घालायचं. हा फायदा टीव्हीतच कोडी असलेल्यांना नाही, तुम्हाला आहे, तो घ्या.

तिसरं, पोस्टरचं. ते तुमच्याकडे बिघडलेलं नाही, बाहेरची दुनिया बदलली आहे. माहिती पुरवणाऱ्या संकेतस्थळांनी माहिती देण्याची पद्धत बदलली की जुन्या कोडीतली माहिती आणणारी अ‍ॅड-ऑन्स उपाशी राहतात, आणि १८ साठी त्यांची दुरुस्ती आता कुणी करत नाही. शिवाय आपल्याकडे काही इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवर टीएमडीबी, म्हणजे सिनेमांची माहिती-पोस्टरं देणारं संकेतस्थळ, उघडतच नाही. तसं असेल तर २१ टाकूनही पोस्टर येणार नाही. आधी फोनच्या ब्राउझरमध्ये, त्याच वायफायवर, ते संकेतस्थळ उघडून बघा.

---

पैलतीर

जर्मनीहून लिहितोय. आमच्याकडे दोन टीव्ही, दोन पाय आणि लायब्ररी एकच, मारियाडीबी या सामाईक डेटाबेसवर. हॉलमध्ये अर्धं पाहिलेलं नाटक खोलीत तिथूनच पुढे सुरू होतं. मित्राच्या सांगण्यावरून मी एकच पाय २० वर नेला आणि दोन्ही पायांची लायब्ररी वेगळी पडली, कारण वर म्हटल्याप्रमाणे क्रमांक बदलतो. असं घर असेल तर सगळी यंत्रं एकाच दिवशी बदलायची किंवा एकही नाही.

आणखी एक सुचवतो, जेलीफिन बघा. २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला तेव्हा काही जणांनी खुल्या कोडवरून ते वेगळं काढलं. एक सर्व्हर, आणि फोन-टीव्ही सगळीकडून पाहता येतं. मी इथे बसून आईबाबांच्या घरातल्या मुंजीची चित्रफीत पाहतो.

---

सह्यवेडा

पैलतीर, तुमची गरज वेगळी आहे. धागाकर्त्यांच्या घरी एक टीव्ही, एक डिस्क, एक आई. तिथे सर्व्हर म्हणजे आणखी एक गोष्ट जी चोवीस तास चालू ठेवायची आणि जिची आवृत्ती पुन्हा ताजी ठेवायची.

आणि नवीन आवृत्ती म्हणजे भरच पडते हेही खरं नाही. प्लेक्सने २०२५ च्या एप्रिलमध्ये, आधी फुकट असलेलं घराबाहेरून स्वतःचंच साठवलेलं पाहणं पैशांत नेलं आणि आजीवन वर्गणी १२० डॉलरवरून २५० केली.

---

तारायंत्र

ते प्लेक्सचं. कोडीमागे कंपनी नाही, ना-नफा संस्था आहे, तिथे वर्गणीचा प्रश्न नाही. उलट कोडीत गोष्टी जातात त्या तांत्रिक कारणाने. १९ पासून पायवरची चित्र उलगडण्याची जुनी पद्धत काढून नवी आली, तेव्हा त्रिमितीय ब्लू-रे पाहणाऱ्यांची ती सोय गेली. ज्यांच्याकडे अजून पाय १ आहे त्यांना लिब्रेएलेक १० पासून रस्ताच नाही. पाय ४ वाल्यांना मात्र नवं लिब्रेएलेकच जास्त मानवतं, ९.२ आलं तेव्हा ते यंत्र नवंकोरं होतं.

---

अंगणवेल

मी संगणकातली नाही. घरी सासऱ्यांसाठी हेच सगळं मी सांभाळते, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने सांगते.

केव्हा करायचं हे आधी ठरवा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नको, परीक्षेच्या दिवसांत मुलांकडून मदत नाही तेव्हा नको. आई चार दिवस लेकीकडे जातील तेव्हा कार्ड तयार करा, आणि त्या परत आल्यावर तुम्ही निदान आठवडाभर घरात असाल असं बघा.

तपासताना तुम्ही नका चालवू, त्यांना चालवू द्या. शेजारी बसा, रिमोट हातात घेऊ नका. त्या कुठे थबकतात ते पाहा. आमच्याकडे सगळं जसंच्या तसं दिसत होतं, पण ‘मागे’ दाबल्यावर दुसऱ्याच पानावर जायचं, आणि सासरे तिथे अडकायचे. मी बसले नसते तर मला ते कधीच दिसलं नसतं.

आणि देवनागरी! नावं नीट दिसतात का ते आधी पाहा. एस्चुअरीत स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट ‘एरियल बेस्ड’ करावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मराठी उपशीर्षकं वापरत असाल तर २० व्या आवृत्तीत उपशीर्षकांचं काम नव्याने लिहिलं गेलं आहे, तेव्हा एक फाइल करून तीत ज्येष्ठ, राष्ट्र, वाङ्मय, तऱ्हा, उद्ध्वस्त असे शब्द घाला आणि दोन्ही कार्डांवर लावून बघा. मोडलेलं जोडाक्षर लांबून लक्षात येत नाही, जवळ जाऊन वाचा.

---

पाटाचं_पाणी

सगळ्यांचे आभार. टीएमडीबी आमच्या वायफायवर खरंच उघडत नाही, फोनच्या डेटावर उघडतं. म्हणजे पोस्टरसाठी २१ टाकण्यात अर्थ नाही, ते कारण माझ्या यादीतून गेलं. राउटरवर पोर्ट उघडलेला नाही, यूपीएनपी चालू होतं ते बंद केलं. एसएसएच बंदच होतं.

आकाशवाणीचं अ‍ॅड-ऑन पायथन २ मधलं आहे, त्याची नवी आवृत्ती नाही. कोरा_कागद, तुमची शंका बरोबर. आई सकाळी पूजेच्या वेळी तेच लावते. ते जाणार असेल तर विषय इथेच मिटतो.

---

कोरा_कागद

नाही मिटत. रेडिओसाठी अ‍ॅड-ऑन लागतच नाही. साधी मजकुराची फाइल करा, तिच्यात प्रसारणाचा दुवा एका ओळीत टाका आणि फाइलीच्या नावाचा शेवट ‘.एसटीआरएम’ असा इंग्रजी अक्षरांत ठेवा. कोडी ती गाण्यासारखी वाजवतो. डिस्कवर ठेवा, फेव्हरिट्समध्ये घाला, नाव ‘आकाशवाणी’. हे आत्ता १८ वरच करून बघा. जमलं तर ते बेवारस अ‍ॅड-ऑन आजच काढता येईल, पुढे काहीही ठरो.

दुसऱ्या कार्डाचं ठरलं तर थोडक्यात असं:

आधी सेटिंग, मीडिया, लायब्ररी इथे जाऊन ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’, त्यात ‘वेगळ्या फायली’ निवडा. प्रत्येक नाटकाशेजारी त्याची माहिती आणि पाहिल्याची खूण असलेली छोटी एनएफओ फाइल तयार होते. कीर्तनांची, घरच्या चित्रफितींची माहिती तुम्ही हाताने लिहिली असणार, ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. उद्या कोडी सोडून पैलतीरांच्या जेलीफिनवर गेलात तरी याच फायली तिथे वाचल्या जातात. आवृत्ती बदला न बदला, हे कराच.

मग नव्या कार्डावर लिब्रेएलेक १२ कोरं चढवा आणि जुन्याच्या ‘युजरडेटा’मधली ११६ ची फाइल, सोर्सेस, फेव्हरिट्स आणि थंबनेल्स तेवढी न्या. अख्खं कार्ड उचलून नेलं तर जुना कचराही येतो. जुन्या कार्डाची प्रत मात्र संगणकावर काढून ठेवा, आणि ती उतरवायला मोठं कार्ड घ्या. १६ जीबीची प्रत दुसऱ्या कंपनीच्या १६ जीबीवर कधी कधी मावत नाही.

डिस्कला नाव दिलेलं असू द्या. नव्या कार्डावर डिस्कचा पत्ता बदललेला दिसला तर आधी तो दुरुस्त करा. तोवर ‘क्लीन लायब्ररी’ चुकूनही दाबू नका. फायली सापडत नाहीत म्हणून कोडी सगळ्या नोंदी पुसायला निघतो.

आणि चाचणी चालू असताना पायचं फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलायला सांगितलं तर ‘नको’ म्हणा. पाय ४ मध्ये ते बोर्डावर असतं, कार्ड बदलून मागे जात नाही.

---

पाटाचं_पाणी

कळवायला उशीर झाला, पण आता सगळं पाहून सांगतो.

एसटीआरएमची युक्ती १८ वरच चालली. आईला फरक कळला नाही, उलट म्हणाली, “आज रेडिओ लवकर लागला.” एनएफओ काढल्या. एका कीर्तनाच्या फाइलीत बुवांचं नाव, गाव आणि अभंगाचा पहिला चरण, सगळं वडिलांच्या वहीतून मी कधीकाळी उतरवलेलं, मजकूर म्हणून वाचता येत होतं. तो इतकी वर्षं एका कार्डावरच्या एका फाइलीत होता, ही गोष्ट मला आवृत्तीच्या प्रश्नापेक्षा गंभीर वाटली. आता त्यांची प्रत बहिणीकडेही आहे.

मग दुसऱ्या कार्डावर २१ लावलं. देवनागरीचे चौकोन आले, फॉन्ट बदलल्यावर गेले. काही डीव्हीडींतल्या नाटकांत पात्र हललं की कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसायच्या. डीइंटरलेस (अशा रेषा घालवायची सोय) बदलून ‘सगळ्यांसाठी हेच’ केलं, बऱ्या झाल्या. यूट्यूबचं अ‍ॅड-ऑन स्वतःची एपीआय की (वापरासाठीची खासगी किल्ली) मागतं, ते मी सोडून दिलं, फोनवर पाहू. भाच्याच्या फोनमधलं ४के चित्रण मात्र इथे न अडखळता चालतं.

अंगणवेलताई, तुम्ही म्हणालात तसं शेजारी बसलो आणि रिमोट घेतला नाही. आई अडली ती एकाच ठिकाणी, अर्धवट पाहिलेलं नाटक उघडताना. “पुढे सुरू करू की पहिल्यापासून” हा प्रश्न आला की ती थांबायची. निवडलं की थेट पुढे सुरू व्हावं अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती केल्यावर तेही सुटलं.

ठरवलं असं: २१ ठेवतोय. कारण पोस्टर नाही आणि भाच्याचं म्हणणंही नाही. पाय बंद पडला तर नवा घ्यावा लागेल, आणि पाय ५ वर लिब्रेएलेक ९.२ चालणारच नाही. तेव्हा आईला एकाच दिवशी नवं यंत्र आणि नवी आवृत्ती देण्यापेक्षा आज, जुनं कार्ड हाताशी असताना, एकच गोष्ट बदललेली बरी.

---

सह्यवेडा

पटलं. हे कारण माझ्या डोक्यात नव्हतं. दादांच्या पायचंही वय झालंय, त्यांच्यासाठीही दुसरं कार्ड करतो. कॉन्फ्लुअन्स २१ वर मिळते का, कुणी वापरतंय का?

---

चिंचगुळ

सह्यवेडा, आधी ते दुसऱ्या कार्डावरच बघा, आणि कोडीच्या अधिकृत भांडारात सापडली तरच घ्या. इतर कुठून झिप उतरवून टाकू नका. नाही मिळाली तर एस्चुअरीच्या सेटिंगमध्ये मुख्य मेनूतल्या नको त्या ओळी लपवता येतात. दादांना लागतात तेवढ्याच तीन-चार ठेवल्या की उभ्या मेनूचा त्रास बराच कमी होतो.